अभ्यासिकेतल्या लिनक्स मशीनचा ॲप्लिकेशन मेनू नव्याने रचायचा आहे, सूचना हव्यात

गोदातीर (पंचवटी, नाशिक)

नमस्कार मंडळी,

पंचवटीत आम्ही काही जण मिळून एक अभ्यासिका चालवतो. स्पर्धा परीक्षांची मुलं हा मुख्य वर्ग. शिवाय फॉर्म भरायला, सातबारा काढायला, पेन्शनच्या कामाला आसपासची मंडळीही येतात. दिंडोरी-निफाडकडून येऊन इथे खोली घेऊन राहणारी मुलं बरीच आहेत. मोबाइलवर त्यांचा हात सराईत चालतो, पण माउस आणि कीबोर्ड अनेकांनी आमच्याकडेच पहिल्यांदा हातात घेतलेला असतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. आमच्या मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप नाही, प्रोसेसरही विंडोज ११ च्या यादीत नाहीत. धडधाकट मशीन भंगारात घालणं पटेना, म्हणून सगळीकडे लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलका डेस्कटॉप) आवृत्ती टाकली. चार जीबी रॅमवर ती व्यवस्थित चालते, वेगाबद्दल कुणाची तक्रार नाही. लोक अडतात ते मेनूपाशी.

एक नमुना सांगतो. गुणपत्रिका स्कॅन करायची आहे. मुलगी मेनू उघडते, कागदाचं काम म्हणून ऑफिसमध्ये जाते. तिथे लिब्रेऑफिसचे पाच-सहा आयकॉन दिसतात, स्कॅनर दिसत नाही. मग ॲक्सेसरीज बघते, सेटिंग्ज बघते आणि उठून आमच्या टेबलाशी येते. स्कॅनर असतो ग्राफिक्समध्ये, 'डॉक्युमेंट स्कॅनर' नावाने. पीडीएफचंही तेच. ज्या प्रोग्रामने पीडीएफ उघडते त्याचं नाव 'डॉक्युमेंट व्ह्यूअर', म्हणजे नावात पीडीएफ कुठेच नाही. बँक भरतीच्या अर्जाला फोटो २० ते ५० केबीत आणि सही १० ते २० केबीत बसवावी लागते. हे काम कुठे करायचं, याचा तर मेनूत मागमूसही नसतो.

मेनू प्रोग्रामच्या प्रकारानुसार लावलेला आहे आणि माणूस येतो काम घेऊन, हे माझं मूळ म्हणणं. म्हणून सगळ्या जुन्या कॅटेगरी काढून टाकाव्यात आणि कामाप्रमाणे पाचच गट ठेवावेत असा विचार आहे: फॉर्म आणि वेबसाइट, वाचन, लिहिणं आणि छपाई, फोटो-सही-स्कॅन, आणि इतर. नावं सगळी मराठीत.

प्रोग्रामिंग न करता हे करता येईल का? आणि अपडेट आल्यावर सगळं पुसलं जाणार नाही ना?

---

लेथमास्तर (अंबड)

प्रोग्रामिंगची गरज नाही. फक्त कुठल्या फाइलला हात लावायचा आणि कुठल्या फाइलला नाही, एवढं पक्कं करून घ्या.

मेनूत दिसणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामची एक छोटी मजकुराची फाइल असते, तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट डेस्कटॉप' असतं. नाव, खालची वर्णनाची ओळ, आयकॉन, चालवायची कमांड, कॅटेगरी, शोधायचे शब्द, सगळं त्यात. याचं प्रमाण फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने ठरवलेलं आहे आणि ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, सिनॅमन हे लिनक्सचे डेस्कटॉप सगळे तेच पाळतात. म्हणजे इथे केलेली मेहनत उद्या डेस्कटॉप बदलला तरी बरीचशी टिकते.

पॅकेजबरोबर आलेल्या या फाइली 'यूएसआर' मधल्या 'शेअर' मधल्या 'ॲप्लिकेशन्स' फोल्डरात असतात. त्यांना हात लावायचा नाही. त्या पॅकेजच्या मालकीच्या आहेत, पुढच्या अपडेटला नवी फाइल तुमच्या बदलांवर बसते. बदलायची असेल ती फाइल त्याच नावाने होम फोल्डरमधल्या 'डॉट लोकल', 'शेअर', 'ॲप्लिकेशन्स' इथे कॉपी करा आणि तिथली बदला. नाव तंतोतंत तेच हवं, कारण सिस्टिम नावावरूनच ठरवते की ही त्याच प्रोग्रामची नोंद आहे आणि वापरकर्त्याची प्रत वरचढ आहे.

गटांसाठी दोन गोष्टी लागतात. गटाचं नाव आणि आयकॉन देणारी 'डॉट डिरेक्टरी' फाइल, आणि कुठल्या कॅटेगरीचे प्रोग्राम त्या गटात घ्यायचे हे सांगणारी 'डॉट मेनू' फाइल. एक्सएफसीईची मूळ मेनू फाइल 'ईटीसी', 'एक्सडीजी', 'मेनूज' इथे असते. तिची प्रत 'डॉट कॉन्फिग' मधल्या 'मेनूज' मध्ये ठेवून बदला. स्वतःच्या कॅटेगरीला नाव देताना सुरुवातीला 'एक्स' आणि आडवी रेघ लावा. प्रमाणात तशी सोय मुद्दाम ठेवली आहे, म्हणजे उद्या कुणाच्या अधिकृत कॅटेगरीशी टक्कर होत नाही.

नको असलेले प्रोग्राम लपवताना 'नो-डिस्प्ले' वापरा, 'हिडन' नको. 'नो-डिस्प्ले' म्हणजे मेनूत दाखवू नका, पण फाइलवर डबल क्लिक केल्यावर उघडायला प्रोग्राम हजर असू द्या. 'हिडन' म्हणजे ही नोंद नाहीच असं समजा. पीडीएफच्या प्रोग्रामला 'हिडन' केलंत तर फाइलवर डबल क्लिक केल्यावर तो पुढे येणारच नाही.

---

रेषारंग (कॉलेज रोड)

गोदातीर, विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते. सॉफ्टवेअरच्या स्क्रीन डिझाइन करणं हेच माझं रोजचं काम.

> सगळ्या जुन्या कॅटेगरी काढून टाकाव्यात

इथे माझा ठाम विरोध आहे. तुमच्याकडची मुलं उद्या दुसऱ्या मशीनवर बसतील, परीक्षा केंद्रावर, कॉलेजच्या लॅबमध्ये, नोकरीत. 'डॉक्युमेंट व्ह्यूअर' हे नाव त्यांना तिथेही भेटणार. तुम्ही ते पुसून 'पीडीएफ वाचा' केलंत तर आज सोपं होईल, पण बाहेर ती परत पहिल्या पायरीवर येतील. नाव तसंच ठेवा आणि खालच्या वर्णनाच्या ओळीत काम लिहा. तुमच्या एक्सएफसीईत जो मेनू उघडतो त्या व्हिस्कर मेनूच्या सेटिंगमध्ये वर्णन दाखवायचा पर्याय आहे, तो चालू करा. वर 'डॉक्युमेंट व्ह्यूअर', खाली 'पीडीएफ उघडा, वाचा, छापा'. तीन क्रियापदं आणि एक ओळखीचा शब्द. आठवडाभरात नाव आणि काम दोन्ही आपोआप जोडलं जातं.

दुसरं, मेनू आमूलाग्र बदलण्याचा इतिहास डोळ्याखालून घाला. ग्नोम २ मध्ये वरच्या पट्टीवर ॲप्लिकेशन्स, प्लेसेस आणि सिस्टिम असे तीन मेनू होते. एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ आलं आणि ते तिन्ही जाऊन पूर्ण पडद्याचं ओव्हरव्ह्यू आलं. कल्पना विचारपूर्वक केलेली होती, तरी ज्यांचा हात जुन्या जागेवर बसला होता ते दुखावले. त्याच सुमारास ग्नोम २ पुढे चालू ठेवायला माटे निघालं आणि मिंटने सिनॅमनची वाट धरली. उलट केडीईने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्लाझ्मा ५.२१ बरोबर किकऑफ मेनू नव्याने रचला, तेव्हा कोपऱ्यातलं बटण आणि एकूण ओळख तशीच ठेवली. कॅटेगरी डावीकडे कायम दिसतील आणि प्रोग्राम उजवीकडे येतील एवढं केलं, त्यामुळे आधीची आत-बाहेर करत बसण्याची कटकट गेली. सिनॅमनचा मेनूही ६.६ मध्ये नव्याने मांडला आहे. माझ्या मते मेनूची जागा आणि सांगाडा शक्यतो हलवू नये, आतली मांडणी मात्र बिनधास्त सुधारावी.

तिसरी गोष्ट हाताच्या हालचालीची. व्हिस्करमध्ये 'कर्सर नेताच कॅटेगरी बदला' असा पर्याय आहे. नवख्या हातासाठी तो बंद ठेवा. माणूस सवयीने डावीकडच्या कॅटेगरीवरून उजवीकडच्या प्रोग्रामकडे तिरका जातो. वाटेत दुसरी कॅटेगरी लागली की उजवीकडची यादीच बदलते आणि नवख्याला कळतच नाही की आपलं काय चुकलं. सिनॅमनच्या मेनूत यावर तोड आहे, कर्सर उजवीकडे तिरका निघालाय हे ओळखून तो कॅटेगरी लगेच बदलत नाही. व्हिस्करमध्ये साधा उपाय म्हणजे क्लिक केल्यावरच कॅटेगरी बदलणं.

आणि अंतर. १९५४ मध्ये पॉल फिट्स यांनी मांडलेला नियम आजही प्रत्येक स्क्रीनला लागू पडतो: लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. पॅनल खाली आहे, बटण खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे, तर शोधायची चौकटही बटणाजवळ खालीच आणा. तशी सेटिंग आहे. आवडत्यांच्या यादीत सर्वांत जास्त लागणारा प्रोग्राम बटणाच्या सर्वांत जवळ ठेवा. आयकॉनचा आकार एक-दोन पायऱ्या वाढवा. माउस पहिल्यांदा धरणाऱ्याला हे लगेच जाणवतं.

---

पिंपळगावकर

डेस्कटॉपवरच पाच मोठे आयकॉन ठेवले तर? मेनूची भानगडच नको.

---

रेषारंग (कॉलेज रोड)

पिंपळगावकर, ठेवा जरूर, पण ब्राउझर पूर्ण पडद्यावर उघडला की ते झाकले जातात आणि फॉर्म भरताना ब्राउझर सतत उघडाच असतो. मेनू उघड्या ब्राउझरच्याही वर उघडतो, कीबोर्डवरच्या विंडोज चिन्हाच्या बटणानेही उघडतो. दोन्ही असू द्यावं.

---

इनस्क्रिप्टप्रेमी (नाशिक रोड)

मराठीतून शोधण्याबद्दल कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. मेनूत चित्रं कितीही मोठी केलीत तरी यादी लांबली की माणूस शोधचौकटीकडेच वळतो. मोबाइलवर वाढलेली मुलं तर आधी तिथेच जातात.

डेस्कटॉप फाइलमध्ये 'कीवर्ड्स' अशी एक ओळ असते आणि आताचा व्हिस्कर नावाबरोबर त्या शब्दांतही शोधतो. मराठीसाठी त्याच ओळीला 'एमआर' हा भाषेचा खुणाक्षर-जोड चौकोनी कंसात लावून वेगळी ओळ लिहिता येते. पण दोन गोष्टी नीट लक्षात घ्या.

एक, ती 'एमआर'ची ओळ तेव्हाच वाचली जाते जेव्हा लॉगिनची भाषा मराठी असते. तुमचं लॉगिन इंग्रजीत चालत असेल तर तुम्ही लिहिलेलं मराठी वर्णन कुणालाच दिसणार नाही आणि तुम्ही फाइल परत परत तपासत बसाल. मग एकतर लॉगिनची भाषा मराठी करा, नाहीतर मराठी मजकूर कंस नसलेल्या मूळ ओळीतच लिहा.

दोन, मराठी लॉगिनमध्ये 'एमआर'ची ओळ मूळ ओळीच्या जागी येते, तिच्यात भर म्हणून नाही. त्यामुळे मराठी ओळीतच इंग्रजी शब्दही परत लिहा, नाहीतर इंग्रजीत 'स्कॅन' टाइप करणाऱ्याला काही मिळणार नाही.

आता लिपीचा प्रश्न. 'ॲप' हा शब्द घ्या. 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा आहे, २००८ च्या ५.१ आवृत्तीपासून. पण बरेच लोक आधी 'अ' आणि मग वरचा अर्धचंद्र असे दोन तुकडे टाइप करतात. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखे दिसतात, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र ते वेगळे आहेत, आणि युनिकोडच्या नेहमीच्या सामान्यीकरणातही (एकाच अक्षराची रूपं सारखी करण्याच्या पद्धतीतही) ते एक होत नाहीत. त्यात जुन्या हिंदी वळणाच्या कीबोर्डवरून 'ऍ' टाइप करणारेही आहेत. म्हणजे एका शब्दाची तीन रूपं. कीवर्ड्समध्ये तिन्ही लिहा. थोडं लांबट दिसेल, पण ती ओळ वापरणाऱ्याला दिसतच नाही.

सर्वांत जास्त गोंधळ कीबोर्डची भाषा बदलायची राहून गेल्याने होतो. आधीच्या माणसाने मराठीत अर्ज लिहिला आणि कीबोर्ड इनस्क्रिप्ट या मराठी मांडणीवरच ठेवून उठला. पुढच्याने मेनू उघडून फायरफॉक्सचं स्पेलिंग टाइप केलं की चौकटीत 'िगीािदं' उमटतं आणि खाली यादी रिकामी. त्याला वाटतं मशीन बिघडलं. म्हणून कीबोर्डची भाषा दाखवणारी खूण पॅनलवर मेनूच्या बटणाला लागूनच ठेवा, उजव्या टोकाला घड्याळाशेजारी नको. नजर आधीच तिथे असते, त्यामुळे चुकीची भाषा लगेच लक्षात येते.

---

वाचनकट्टा (इंदिरानगर)

आमच्या वाचनालयातही लिनक्स आहे, त्यामुळे चर्चा मनापासून वाचते आहे. वाचनखूण साठवली.

एका गोष्टीकडे लक्ष वेधते. व्हिस्करमध्ये 'नुकतेच वापरलेले' अशी यादी असते. घरच्या मशीनवर ती उपयोगी, सार्वजनिक मशीनवर नको. आधीच्या माणसाने काय उघडलं हे पुढच्याने का पाहावं? सेटिंगमध्ये तिचा आकडा शून्य केला की यादी बंद होते. अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी वेगळी असते, तीही बंद करा, कारण त्यात लोकांच्या आधारच्या, मार्कशीटच्या फाइलींची नावं दिसतात. हे काम मेनूच्या रंगरूपाच्या आधी करावं असं मला कळकळीने वाटतं. लोक आपले कागद विश्वासाने आपल्या मशीनवर उघडतात.

तसंच मेनूच्या टोकाला स्क्रीन लॉक, वापरकर्ता बदला, लॉग आउट अशी बटणं असतात. आमच्याकडे लोक चुकून लॉक दाबायचे आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसायचा. कमांडच्या टॅबमध्ये जाऊन लॉकचं बटण काढलं, फक्त लॉग आउट ठेवलं.

---

नाशिकरोडकर

मी निवृत्त आहे. मला कॅटेगरी वगैरे कळत नाही, पण एक सुचवतो. आमच्यासारखे लोक नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचं बघायला येतात, शेतकरी सातबाऱ्याला येतात, मुलं शिष्यवृत्तीला. आम्ही गुगलवर नाव टाकतो आणि वरती जे येईल त्यावर क्लिक करतो. त्यात सरकारी कुठलं आणि दलालाचं कुठलं हे कळत नाही. मेनूतच 'जीवन प्रमाण', 'महाडीबीटी', 'आपले सरकार', 'सातबारा' अशी बटणं मिळाली आणि ती थेट खऱ्या साइटवर गेली तर आम्हा लोकांची फसवणूक टळेल.

---

लेथमास्तर (अंबड)

काका, आतापर्यंतच्या सूचनांत ही मला सर्वांत मोलाची वाटते. करता येतं आणि सोपं आहे.

गोदातीर, प्रत्येक साइटसाठी एक डेस्कटॉप फाइल लिहा. त्यात 'टाइप' म्हणून 'लिंक' लिहू नका. लिंक प्रकारच्या फाइली मेनूत येत नाहीत, मेनू फक्त ॲप्लिकेशन प्रकारच्या नोंदी घेतो. 'टाइप' मध्ये 'ॲप्लिकेशन' लिहा आणि 'एक्झेक'च्या ओळीत फायरफॉक्स आणि त्यापुढे साइटचा पूर्ण पत्ता. पत्त्यात टक्क्याचं चिन्ह असेल तर ते दोनदा लिहावं लागतं, कारण त्या ओळीत एकट्या टक्क्याला वेगळा अर्थ आहे. पत्ते स्वतः तपासून घ्या, शेवट 'जीओव्ही डॉट इन' आहे का बघा आणि वर्षातून एकदा परत तपासा, सरकारी साइटचे पत्ते बदलतात.

---

गोदातीर (पंचवटी, नाशिक)

सगळ्यांचे आभार.

रेषारंग ताई, तुमचा मुद्दा पटला. कॅटेगरी काढत नाही. मूळ कॅटेगरी खाली राहतील, त्यांच्या वर 'सरकारी कामं' आणि 'फोटो-सही-स्कॅन' हे दोनच नवे गट. बाकी रोजचं लागणारं आवडत्यांत. नावं तशीच आणि वर्णनात काम. डॉक्युमेंट स्कॅनरच्या कॅटेगरीच्या ओळीत ग्राफिक्सबरोबर आपला नवा गट जोडला, की तो दोन्हीकडे दिसतो. एक प्रोग्राम एकाहून अधिक ठिकाणी असायला प्रमाणात मुभा आहे, मग मुलगी कुठूनही आली तरी तिला सापडेल.

फोटो लहान करायला एखादा जड प्रोग्राम टाकण्याऐवजी इमेजमॅजिक या कमांडने चालणाऱ्या चित्रांच्या साधनाची एक छोटी स्क्रिप्ट करून तिचाच आयकॉन त्या गटात ठेवावा असं मनात आहे. फाइल निवडा, २० ते ५० केबीत बसलेली प्रत शेजारी तयार. फॉर्मच्या शेवटच्या तारखेला टेबलापाशी रांग लागते, त्यातली निम्मी याच कामाची असते.

वाचनकट्टा, 'नुकतेच वापरलेले'ची यादी आजच सगळ्या मशीनवर बंद केली. लॉकचं बटणही काढतो.

आता एकच प्रश्न. प्रत्येक मशीनवर दोन-तीन खाती आहेत, प्रत्येकाच्या होममध्ये फाइली टाकत बसायचं का?

---

इनस्क्रिप्टप्रेमी (नाशिक रोड)

आणखी एक बारीक गोष्ट. मेनू आयकॉन व्ह्यूमध्ये ठेवू नका, लिस्टमध्ये ठेवा. आयकॉनखाली नावाला जागा कमी असते, मराठी नाव लांबलं की टिंबं येतात आणि वर्णन वाचायला मिळत नाही. फॉन्ट नोटो सान्स देवनागरी, आकार १२ च्या खाली नको. रफार, उकार आणि जोडाक्षरं वाचायला वयस्कर डोळ्यांना तेवढं लागतंच.

---

लेथमास्तर (अंबड)

> प्रत्येकाच्या होममध्ये फाइली टाकत बसायचं का?

नाही. सिस्टिम डेस्कटॉप फाइली ठरलेल्या क्रमाने शोधते: आधी वापरकर्त्याचं होम, मग 'यूएसआर लोकल' मधलं 'शेअर', शेवटी 'यूएसआर' मधलं 'शेअर'. मधली जागा प्रशासकासाठीच आहे, पॅकेज तिथे हात लावत नाहीत. तुमच्या बदललेल्या सगळ्या फाइली तिथल्या 'ॲप्लिकेशन्स' मध्ये टाका, मशीनवरच्या प्रत्येक खात्याला एकदम लागू होतील आणि अपडेटनेही जाणार नाहीत. पॅनल आणि व्हिस्करच्या सेटिंग मात्र खात्यागणिक असतात. एक खातं नीट लावून त्याच्या 'डॉट कॉन्फिग' मधला एक्सएफसीईचा भाग 'ईटीसी' मधल्या 'स्केल' फोल्डरात ठेवा, म्हणजे पुढे तयार होणारं प्रत्येक नवं खातं तसंच निघेल. आताची जुनी खाती पुसून नव्याने काढलीत तर सर्वांत सरळ. पुसण्याआधी मुलांच्या फाइली पेन ड्राइव्हवर काढून घ्या.

फाइली लिहून झाल्या की 'डेस्कटॉप फाइल व्हॅलिडेट' ही कमांड प्रत्येकीवर चालवा. अर्धविराम राहिला, स्पेलिंग चुकलं, कॅटेगरीपुढे 'एक्स' लावायचा राहिला, तर ती कुठल्या नोंदीत चुकलं ते सांगते. सगळं एका मशीनवर करून दोन-चार दिवस मुलांना वापरू द्या, मग बाकीच्यांवर कॉपी करा. शनिवारी दुपारनंतर मी मोकळा असतो. पंचवटीत येऊन पहिलं मशीन तुमच्याबरोबर बसून लावून देईन.

---

रेषारंग (कॉलेज रोड)

शनिवारी मीही येते. मुलं वापरत असताना मागे उभं राहून बघायचं आहे, मध्ये काही न सांगता. कुठे थांबतात, कुठली कॅटेगरी आधी उघडतात, ते टिपून घेऊ आणि आवडत्यांचा क्रम त्यावरून लावू. आणि मराठी वर्णनं नीट जमली की ती आपल्यापुरती ठेवू नका. एक्सएफसीईची भाषांतरं ट्रान्सिफेक्स या साइटवर आणि मिंटच्या स्वतःच्या प्रोग्रामची लाँचपॅड या साइटवर चालतात, तिथे पाठवू. पुढच्या आवृत्तीत सगळ्यांनाच मिळतील.

---

नाशिकरोडकर

शनिवारी किती वाजता? सातबारा आणि हयातीचा दाखला ही दोन बटणं मी स्वतः दाबून बघतो.